चौदाव्या लेव्हलला सुटणारा ड्रुइड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वॉरक्राफ्ट क्लासिक या ऑनलाइन खेळात तुमचा वॉरियर (शस्त्रानं लढणारं पात्र) ६० या शेवटच्या लेव्हलला पोचून बसलाय. तुमच्या गिल्डला, म्हणजे खेळाडूंच्या कायमच्या गटाला, हीलर (जखमा भरून काढणारा) कमी पडतोय म्हणून तुम्ही टॉरेन वंशाचा ड्रुइड सुरू केलात. हा तिसरा. आधीचे दोन १४ च्या आसपास सोडून दिलेत आणि हाही तिथंच येऊन थांबलाय. बॅरन्स नावाच्या माळरानात पळून पळून, तीच ती जनावरं मारून जीव विटलाय. आता एखाद्या मेजला (जादूगार पात्राला) खेळातलं गोल्ड देऊन डंजनमध्ये (गटानं लढायच्या बंदिस्त जागेत) बूस्ट घ्यावा (मारायचं त्यानं, वाढायचं आपण), की खालच्या लेव्हल सुसह्य करायचा काही उपाय आहे?

उपाय आहे, आणि तुमच्या बाबतीत तो हाताच्या अंतरावर आहे. बूस्टकडे नंतर येतो. मी २००५ पासून हे उद्योग करतोय, आणि गिल्डमध्ये नवी पात्रं वाटेला लावायचं काम बरीच वर्षं माझ्याच गळ्यात होतं. कॅपला, म्हणजे शेवटच्या लेव्हलला, नेलेली माझी पात्रं अकरा. दहा ते वीसच्या मध्ये कुजत पडलेली त्याच्या दुप्पट तरी असतील. म्हणजे या आजाराचा मी वैद्य कमी, जुना रोगी जास्त.

आधी एक गैरसमज काढू. खालच्या लेव्हल लांबलचक असतात म्हणून कंटाळा येतो, असं सगळे म्हणतात. प्रत्यक्षात त्या सगळ्यात आखूड असतात. तुमच्याच गेमचा हिशोब मांडू. आपल्याच लेव्हलचा शत्रू मारला की मिळणारा एक्सपी (अनुभवाचे गुण) म्हणजे लेव्हल गुणिले पाच, अधिक ४५. पहिल्या लेव्हलला ५० मिळतात आणि दुसरीला जायला ४०० लागतात, म्हणजे आठ जनावरं. दहाव्या लेव्हलला ९५ मिळतात आणि अकरावीला ७,६०० लागतात, म्हणजे ऐंशी. एकोणसाठाव्या लेव्हलला ३४० मिळतात आणि लागतात दोन लाखांहून जास्त, म्हणजे सहाशेच्या घरात. क्वेस्टचा (खेळानं दिलेल्या कामांचा) एक्सपी धरला की हे आकडे बरेच खाली येतात, पण तिन्हींचं एकमेकांशी प्रमाण साधारण असंच राहतं. तरी एकोणसाठाव्या लेव्हलला पात्र सोडून देणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. बाराव्या-चौदाव्याला सोडणाऱ्यांची मात्र रांग लागलेली असते.

मग कंटाळा कशाचा? माझ्या मते निर्णयांच्या दुष्काळाचा.

हे मोजून बघता येतं, आणि मी गिल्डमधल्या लोकांना ते करायला लावायचो. या गेममध्ये एक मंत्र टाकला की पुढचा टाकायला दीड सेकंद थांबावं लागतं. म्हणजे मिनिटाला जास्तीत जास्त चाळीस वेळा बटण दाबता येतं. कॅपला पोचलेल्या तुमच्या वॉरियरच्या हातात रेडमध्ये (मोठ्या गटाच्या लढाईत) या चाळीस जागा असतात आणि प्रत्येक जागी विचार असतो: रेज (फटक्यांना लागणारी ताकद) किती उरलाय, कोण कुणाकडे वळलाय, हा फटका आत्ता मारू की दोन सेकंदांनी. आठव्या लेव्हलच्या ड्रुइडलाही त्याच चाळीस जागा मिळतात. तो करतो काय? मूनफायर, राथ, राथ, राथ, जनावर मेलं, पुढचं. बोटं तेवढीच हलतात, डोकं एकदाही हलत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? हातात जी दोन-तीन बटणं आहेत त्यांतून चाळीस वेगळे निर्णय कोण काढणार?

ही तपासणी करताना एक गोष्ट वेगळी धरा: तुम्हाला आता सगळं ठाऊक आहे. पहिल्या पात्राच्या वेळी नकाशाचा कोपरा न् कोपरा काळा होता. टेकडीपलीकडं काय आहे हे कळण्यासाठी टेकडी चढावी लागायची, आणि ते चढणं हाच खेळ होता. दुसऱ्या पात्राच्या वेळी तीच टेकडी म्हणजे नुसतं अंतर. हे काही परत मिळत नाही, त्यामुळे पहिल्या वेळची मजा पुन्हा येईल अशा आशेवर ऑल्ट (आणखी एक पात्र) सुरू करू नका. दुसऱ्यांदा मजा येते, पण ती दुसऱ्या जागी शोधावी लागते.

माझं म्हणणं तपासायचं असेल तर हार्डकोर सर्व्हर बघा. कंपनीने ते अधिकृतपणे ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू केले. एकदा मेलात की पात्र संपलं. बटणं तीच दोन, जनावरं तीच, एक्सपीचा तक्ता तोच, पळायची अंतरं तीच. तरीही एल्विनच्या जंगलात सातव्या लेव्हलचा माणूस मरलॉकच्या तळ्याकाठी श्वास रोखून उभा असतो. एक ओढला तर तीन येतील का? पळायला वाट आहे का? पोशन आत्ता प्यावं का? हॉगर नावाचा अकराव्या लेव्हलचा एलीट (एकट्याला सहसा न झेपणारा शत्रू) दिसला की लोक खरोखर वळसा घालून जातात. बदललं काहीच नाही, फक्त चुकीला किंमत आली. चुकीला किंमत आली की निर्णय आले, आणि निर्णय आले की कंटाळा गेला. वेळ मात्र वाढला, कारण सगळे जपून खेळतात.

उलट बाजूही बघा. वॉरक्राफ्टच्या मुख्य आवृत्तीत गेली अनेक वर्षं खालच्या लेव्हल सोप्या करत आणल्या. २००७ च्या शेवटी २.३ पॅचमध्ये २० ते ६० साठी लागणारा एक्सपी कमी केला. २००८ मध्ये हेअरलूम कपडे आणले, जे घातले की पात्र वेगानं वाढतं आणि शत्रूही पटापट मरतात. २०२० मध्ये तर १२० लेव्हलची शिडी मोडून ६० ची केली आणि पहिल्या दहासाठी वेगळं बेट दिलं. वेळ वाचला यात शंका नाही. पण दोन फटक्यांत मरणारं जनावर म्हणजे उरलासुरला निर्णयही गेला. तक्रार होती कंटाळ्याची आणि औषध दिलं घाईचं. त्या आवृत्तीत दहा-वीस लेव्हल एका बैठकीत करणारे लोकसुद्धा ‘लेव्हलिंग फार बोअर आहे’ म्हणतात, ते उगाच नाही.

जुनी मंडळी यावर म्हणतील की आमच्या वेळी याहून वाईट होतं. होतंच. १९९९ साली आलेल्या एव्हरक्वेस्टमध्ये मंत्रवाल्या पात्राला माना (मंत्रांना लागणारी शक्ती) भरायला खाली बसावं लागे, आणि बसलं की मंत्रांचं पुस्तक पडदाभर उघडायचं. आजूबाजूला काय चाललंय ते दिसत नसे. पस्तिसाव्या लेव्हलपर्यंत हे असंच. मेलात तर कमावलेला अनुभव कापला जाई, प्रसंगी लेव्हलही खाली घसरे, आणि अंगावरचं सगळं सामान प्रेतापाशी पडून राही. वर काही लेव्हल तर हिशोबाच्या सूत्रामुळं शेजारच्या लेव्हलपेक्षा कितीतरी लांब होत्या. त्यांना लोकांनी ‘हेल लेव्हल’ असंच नाव ठेवलं होतं. तरीही त्या खेळातल्या ओळखी आजवर टिकलेली माणसं मला माहीत आहेत. कारण पुस्तकाकडं बघत बसलेला माणूस दुसरं काय करणार? गप्पा मारणार. तिथं रिकामा वेळ होता आणि तो माणसांनी भरलेला होता. आज रिकामा वेळ आहे आणि तो एकट्याचा आहे. हा फरक लक्षात ठेवा, उपायांत तो कामाला येईल.

आता तुमच्या चौदाकडे येऊ, कारण हा आकडा योगायोगाचा नाही.

टॉरेन ड्रुइड मलगोरमध्ये सुरू होतो. तिथली कामं एकमेकांना लागून आहेत, गाव जवळ आहे, आणि दहाव्या लेव्हलला अस्वलाचं रूप मिळतं. ते मिळवायला मूनग्लेडची वारी होते, नवं काहीतरी हाताला लागतं. बरं वाटतं. पुढची मोठी भेट म्हणजे मांजराचं रूप, आणि ते विसाव्याला. मधल्या दहा लेव्हलमध्ये बारीकसारीक मंत्र मिळतात, पण खेळायची पद्धत बदलावी असं काही नाही. नेमक्या याच काळात तुम्ही बॅरन्समध्ये उतरता. बॅरन्स म्हणजे अंतरच अंतर. क्रॉसरोड्सवरून निघायचं, पळत जायचं, चार झेव्रा मारायचे, पळत परत यायचं. त्यात झेव्राच्या खुरांचं ते क्वेस्ट! चार पायांचं जनावर मारावं आणि त्याच्याजवळ एकही खूर निघू नये, हा विनोद करणाऱ्याला मी अजून माफ केलेलं नाही. घोडा, म्हणजे तुमच्या बाबतीत कोडो, चाळिसाव्याला. ड्रुइडचं पळायचं रूप तिसाव्याला.

थोडक्यात, तुमचं पात्र ज्या दहा लेव्हलमध्ये सर्वात कमी बदलतं, त्याच दहा लेव्हलमध्ये नकाशा सर्वात जास्त पसरतो. तिथं तीनदा अडलं यात तुमचा आळस नाही.

आणि सगळ्यात गंमत म्हणजे, तुम्ही दाराशी येऊन परत जाताय. ऑर्ग्रिमारच्या पोटातलं रेजफायर कॅझम हे डंजन १३ ते १८ साठी आहे. बॅरन्समधल्याच वेलिंग कॅव्हर्न्समध्ये सतराच्या पुढं जाता येतं. तुम्हाला ड्रुइड कशासाठी हवाय? हील करायला. आणि गेले चौदा लेव्हल तुम्ही काय केलंत? एकट्यानं राथ मारत फिरलात. जे काम करायला हे पात्र जन्माला घातलं, ते त्याला एकदाही करू दिलेलं नाही.

चौदाव्या लेव्हलला तुमच्याकडं काय आहे ते मोजा. हीलिंग टच आहे, तोही तीन रँकचा. चौथ्यालाच मिळालेलं रिजुव्हनेशन आहे. बाराव्याला मिळालेलं रीग्रोथ आहे. एक मोठा पण सावकाश, एक थेंबाथेंबानं भरणारा, एक घाईचा पण माना खाणारा. झालं की हीलरचं दुकान! आता त्यात पाच सेकंदांचा नियम घाला: माना खर्च केल्यावर पाच सेकंद तुमचं स्पिरिट काम करत नाही, म्हणजे माना भरायची थांबते. टँकला (पुढं उभं राहून मार झेलणाऱ्याला) थोडं लागलंय. लगेच भरू, की पाच सेकंद थांबून माना वाढू देऊ आणि मग एकदाच मोठा टाकू? मोठा टाकला आणि निम्मा वाया गेला तर? मग खालच्या रँकचा टाकू का? मेज पुढं पळतोय, त्याला वाचवू की धडा शिकू देऊ? (दुसरा पर्याय वाटतो तितका वाईट नाही.) राथ-राथ-राथ करणाऱ्या त्याच पात्राच्या हातात अचानक मिनिटाला पंधरा-वीस खरे निर्णय आले. लेव्हल तीच.

म्हणून पहिला आणि मुख्य सल्ला: आज बॅरन्समध्ये पाऊल ठेवू नका. ऑर्ग्रिमारला जा, ‘हीलर आहे, रेजफायरला येतो’ असं चॅटमध्ये टाका. हीलरला वाट बघावी लागत नाही, हे तुमच्या गिल्डच्या अडचणीवरूनच कळतं. दोन फेऱ्या करा. मग सतरापर्यंत जे काही उरेल ते क्वेस्टनी भरा आणि वेलिंग कॅव्हर्न्समध्ये घुसा. ते डंजन लांबलचक आहे, लोक हमखास वाट चुकतात, आणि तिथले वाकडे ड्रुइड तुमच्या माणसांना झोपवतात. तिथं टँक झोपलेला असताना बाकीच्यांना जिवंत ठेवायला शिकलात तर साठाव्या लेव्हलचा रेड तुम्हाला परका वाटणार नाही.

हा झाला निर्णय वाढवायचा भाग. पण दोन डंजनच्या मधला काळ राहतोच, आणि तिथं निर्णय वाढवता येत नाहीत. मग तिथं वेळ कापायचा. लोक इथं चुकीच्या गोष्टीचा वेळ कापतात. ते मारायचा वेग वाढवायला बघतात. मी एकदा बॅरन्समधल्या एका तासाची घड्याळ लावून नोंद ठेवली होती. लढण्यात तासातला तिसरा हिस्सासुद्धा गेला नव्हता. उरलेला वेळ पळणं, विकणं, पिशव्या चाचपणं आणि ‘आता कुठं जायचं होतं’ हे आठवणं. मारायचा वेग दुप्पट केला असता तरी तासातली दहा मिनिटं वाचली असती.

त्यामुळं पळणं कापा. एका दिशेची सगळी कामं घेतल्याशिवाय गावाबाहेर पडू नका, आणि सगळी झाल्याशिवाय परतू नका. एखाद्या कामासाठी नकाशाच्या दुसऱ्या टोकाला जावं लागत असेल तर ते टाकून द्या, कितीही एक्सपी असो. खुरांचं काम वाटेत झालं तर झालं, त्यासाठी मुद्दाम कुरणात फिरू नका. हार्थस्टोन (ठरलेल्या सरायीत परत नेणारा दगड) तासातून एकदाच वापरता येतो, तेव्हा तो ‘घर’ म्हणून न ठेवता परतीचं तिकीट म्हणून ठेवा: आज जिथं काम संपवून द्यायचंय तिथल्या सरायीत तो लावायचा, बाहेर जाताना पळायचं आणि येताना दगड वापरायचा. वॉरियरकडून चार पिशव्या टपालानं पाठवा. सुरुवातीच्या झोळीत सोळाच खण असतात आणि ती भरली की माणूस उगीच गावाकडं पळतो. चांगली काठी लिलावघरातून घेऊन द्या, अस्वलाच्या रूपात ती फारशी कामाची नसली तरी तिच्यावरचं इंटेलेक्ट आणि स्पिरिट हील करताना उपयोगी पडेल. (तुम्ही मेज किंवा प्रीस्ट केला असतात तर मी सगळ्यात आधी वाँड, म्हणजे जादूची छडी, घ्यायला सांगितलं असतं. पाचव्या लेव्हलला मिळणारी साधी वाँडसुद्धा त्या वयात मंत्रापेक्षा भारी पडते आणि माना खात नाही.)

शत्रू निवडताना मर्दुमकी नको. आपल्यापेक्षा एक लेव्हल वरचा मारला तर एक्सपी फक्त पाच टक्के जास्त मिळतो. तीन लेव्हल वरचा म्हणजे पंधरा टक्के. त्या पंधरा टक्क्यांसाठी मंत्र चुकतात, मारायला जास्त वेळ लागतो, नंतर बसून पाणी प्यावं लागतं, आणि एकदा मेलात की प्रेतापर्यंतची धाव आहेच. आपल्याच लेव्हलचा शत्रू धरावा.

रेस्टेड एक्सपीबद्दल (खेळ बंद असताना जमणाऱ्या विश्रांतीमुळं मिळणाऱ्या दुप्पट एक्सपीबद्दल) मात्र मी बाकीच्यांच्या उलट सांगतो. याचा जन्म मजेशीर आहे. वॉरक्राफ्टच्या बीटा काळात फार वेळ खेळणाऱ्याचा एक्सपी निम्मा करायची योजना होती, लोकांना ती शिक्षा वाटली आणि ते चिडले. मग कंपनीने आकडे जवळपास तेच ठेवून नावं फिरवली: जे पूर्ण होतं ते ‘विश्रांतीचं दुप्पट’ झालं, आणि जे निम्मं होतं ते ‘नेहमीचं’. तेच लोक खूश झाले. (२०१० च्या मूळ फायनल फँटसी १४ ने अशीच कपात केली आणि पुन्हा तोच आरडाओरडा ऐकून घेतला. पुढच्यास ठेच लागूनही मागचा शहाणा झाला नाही तो असा.) सरायीत लॉगआऊट केलं तर आठ तासांत लेव्हलच्या पाच टक्के इतकी विश्रांती जमते. बाहेर रानात केलं तर चौपट वेळ लागतो. दीड लेव्हलच्या पुढं साठा होत नाही, आणि सरायीत तो भरायला दहा दिवस जातात.

सगळे सांगतात की नेहमी रेस्टेड राहा. पण सहाव्या लेव्हलच्या पाच टक्के म्हणजे किती? मिनिटा-दोन मिनिटांचं काम. त्यासाठी आठ तास थांबणं म्हणजे शुद्ध नुकसान, आणि त्याहून वाईट म्हणजे रोज थोडं थोडं खेळल्यानं त्या दोन बटणांचा काळ आठवडाभर ताणला जातो. पहिल्या दहा-बारा लेव्हल एका-दोन बैठकींत उरकाव्यात, औषधाचा घोट घ्यावा तशा. रेस्टेडचा खेळ विसाव्याच्या पुढं सुरू करा, जेव्हा एका लेव्हलला दोन-तीन तास लागतात. तेव्हा दोन ऑल्ट आलटून पालटून खेळणं फार सुखाचं होतं. आणि विश्रांतीचा फायदा मारण्याच्या एक्सपीवरच मिळतो, क्वेस्टच्या बक्षिसावर नाही. म्हणून साठा भरलेला असेल तेव्हा डंजन, संपला की क्वेस्ट.

आता बूस्ट. मेज शंभर जनावरं एकत्र ओढतो, बर्फानं गारद करतो, तुम्ही दाराशी उभे राहून एक्सपी गोळा करता. मी हे केलंय. स्टॉकेड नावाच्या डंजनपासून पुढं एक प्रीस्ट दारादारांत उभा करून चाळिसापर्यंत नेला. मी दुसऱ्या खिडकीत भलतंच काहीतरी बघत बसलो होतो. मग मोठ्या तोऱ्यात हीलर म्हणून एका डंजनमध्ये गेलो आणि तिसऱ्याच लढाईत पाचही जण आडवे केले. मंत्र सगळे होते, पण कुठला कुठल्या बटणावर आहे आणि कुठला कधी टाकायचा याचा बोटांना पत्ता नव्हता. चौघांपैकी कुणी शिवी दिली नाही, नुसते एकेक करून गटातून निघून गेले. शिवी परवडली असती.

तेव्हा बूस्ट वाईट आहे असं नाही, तो तुमच्याकडून काय काढून घेतो ते बघा. तुम्ही हीलर म्हणून आधी एखादं पात्र चालवलं असेल आणि फक्त वेळ वाचवायचा असेल, तर खुशाल घ्या. तुम्ही वॉरियर आहात, हीलरच्या जागी कधी बसलेला नाहीत, तर निदान तिसाव्यापर्यंत घेऊ नका. नवीन बटणं एकेक करून मिळणं हीच खालच्या लेव्हलची खरी शाळा आहे. कंपनीलाही हे ठाऊक होतं: २००८ मध्ये डेथ नाइट थेट ५५ व्या लेव्हलला सुरू करायला दिला, पण त्याच्या सुरुवातीच्या भागात टॅलेंटचे पॉइंट क्वेस्टमागं क्वेस्ट असे हप्त्यानं मिळत गेले. एकदम सगळं पदरात टाकलं नाही.

खातं दुसऱ्याच्या हातात देऊन लेव्हल करून घेणं किंवा बॉट चालवणं, याबद्दल फार लिहीत नाही. खातं जातं किंवा बंद होतं. ग्लायडर नावाचा बॉट होता, तो तुमच्या वतीनं जनावरं मारत बसायचा. वॉरक्राफ्टच्या कंपनीचं त्याच्या निर्मात्यांशी भांडण अमेरिकेच्या अपील कोर्टापर्यंत गेलं आणि डिसेंबर २०१० मध्ये निकाल लागला. माणसं पैसे देऊन खेळ विकत घेतात आणि तो खेळायला यंत्रही पैसे देऊनच आणतात, यावरून खालच्या लेव्हलचा रोग किती जुना आहे ते कळावं.

सोबतीबद्दल मघाशी म्हटलं होतं. तुमच्यासारखाच अडकलेला गिल्डमधला एक माणूस शोधा आणि दोघांनी ठरवून फक्त एकत्रच खेळायची पात्रं ठेवा. तो टँक असेल तर उत्तमच, डंजनच्या गटातल्या दोन दुर्मिळ जागा घरातच भरल्या. साठाव्या लेव्हलचा मित्र मदतीला बोलावू नका, तो तुमच्यासाठी सगळं मारून टाकेल आणि तुम्ही पुन्हा प्रेक्षक. काही खेळांनी यावर छान तोड काढली आहे. सिटी ऑफ हीरोजमध्ये २००४ पासूनच साइडकिक करून लहान पात्राला मोठ्याच्या बरोबरीनं लढता यायचं. फायनल फँटसी ११ ने २००८ मध्ये उलट केलं, मोठ्यांनाच लहानाच्या लेव्हलला खाली उतरवलं. गिल्ड वॉर्स २ मध्ये खालच्या प्रदेशात गेलं की तुमची ताकद आपोआप उतरते. क्लासिकमध्ये असं काही नाही, म्हणून समवयस्कच हवा.

हे सगळं सगळ्या खेळांना लागू नाही. रूनस्केपमध्ये एका कौशल्याच्या ९९ व्या लेव्हलला १,३०,३४,४३१ एक्सपी लागतो आणि त्याचा निम्मा टप्पा येतो ९२ व्या लेव्हलला. तिथं सुरुवात झपाट्यानं होते, कंटाळा शेवटच्या सात लेव्हलमध्ये साठवून ठेवलेला असतो. ईव्ह ऑनलाइनमध्ये तर कौशल्यं घड्याळावर शिकली जातात, तुम्ही खेळात असा वा नसा. फायनल फँटसी १४ मध्ये एकच पात्र सगळे जॉब शिकतं, त्यामुळं दुसरा जॉब वाढवताना निदान नकाशा आणि कथा पुन्हा करावी लागत नाही. तिथला त्रास वेगळा, लांबलेल्या मुख्य कथेचा. ऑगस्ट २०२० मध्ये त्यांनी सुरुवातीच्या कथेतली बरीच कामं छाटली तेव्हा कुठं लोकांनी निःश्वास टाकला.

एक प्रश्न मी तुम्हाला विचारायला हवा होता, तो शेवटी विचारतो. हीलर तुम्हाला हवाय की गिल्डला? रेजफायरच्या दोन आणि वेलिंग कॅव्हर्न्सची एक फेरी झाली, तरी हील करताना हात शिवशिवले नाहीत, लक्ष सारखं पुढं लढणाऱ्याकडंच जात राहिलं, तर ड्रुइड तिथंच ठेवा आणि गिल्डच्या अधिकाऱ्यांना स्पष्ट सांगा. चौथा ड्रुइड सुरू करू नका. वॉरियर आहेच, त्यालाच टँकची ढाल द्या, टँकही कुठं ढिगानं पडलेत?

आणि आज लॉगआऊट करण्याआधी रिजुव्हनेशन अशा बटणावर ठेवा जे न बघता दाबता येईल. बाकीची बटणं नंतर लावली तरी चालतील.